जाळरेषा कागदावर, वणवा गोठ्यावर

प्रति,
मा. वनमंत्री, महाराष्ट्र राज्य

महोदय, सविनय नमस्कार.

गेल्या आठवड्यात जावळी खोऱ्यातला आमचा डोंगर पुन्हा पेटला. गेल्या वर्षीच्या वणव्यानंतर वन खात्याचे साहेब ग्रामसभेत सांगून गेले होते, की १५ फेब्रुवारीच्या आत जाळरेषा काढू, म्हणजे आग अडवायला गवत काढून मोकळा पट्टा करू, आणि हवेच्या झोताने आग विझवायचे दोन ब्लोअर गावात ठेवू. ब्लोअर आले नाहीत. जाळरेषेच्या पट्ट्यात कमरेएवढे वाळलेले गवत तसेच उभे होते. वारा सुटला आणि आग त्या गवतातूनच खाली आली.

गंजी गेली, म्हणजे पावसाळ्यापर्यंतची वैरण गेली. गोठ्याचे छप्पर गेले. म्हैस सोडवली, पण तिच्या कासेला भाजले आहे. सडाला बोट लागले तरी लाथ झाडते, दूध साकळून कास दगडासारखी झाली आहे. डेअरीला दूध बंद आणि म्हशीच्या कर्जाचा हप्ता चालू. साहेब, हा हप्ता मी कुठून भरू?

पंचनाम्याला गेलो तर वनवाले म्हणतात, आग मालकीच्या पडातून आली, तलाठ्याकडे जा. तलाठी म्हणतात, वनाच्या हद्दीतून आली, तिकडे जा. बिबट्याने शेरडू मारले तर अर्ज कुठे करायचा ते पोराबाळांना ठाऊक आहे. वणव्याचा अर्ज कोणीच घेत नाही. वन कायद्याच्या, १९२७ च्या, कलम ७९ प्रमाणे जंगलात हक्क असलेल्यांनी आग विझवायला मदत केलीच पाहिजे. आम्ही करतो. त्या रात्री बायासुद्धा जांभळीचे डहाळे घेऊन आग झोडपत होत्या. वनरक्षक एकटाच होता आणि त्याच्याही हातात डहाळाच होता. त्या पोराला मी दोष देणार नाही.

आग माणूसच लावतो. जाळले की गवत जोमाने येते म्हणणारे आमच्या गावातही आहेत, त्यांच्याशी मी भांडतो. राख उतारावर टिकते कुठे? पहिल्या वळवात ती मातीसकट ओढ्याला जाते. पण हे गावोगाव डिसेंबरात येऊन सांगणार कोण? तुमची माणसे पावसाळ्यात रोपांसोबत फोटो काढायला येतात. २०१९ साली तेहतीस कोटी झाडांची घोषणा झाली. आमच्या डोंगरावरची त्यातली किती जगली, याचा हिशेब द्या. कास पठार २०१२ पासून जागतिक वारशात आहे, त्याच रांगेतले आमचे डोंगर दर उन्हाळ्यात काळे होतात. सगळ्याच खात्यांची हीच रीत झाली आहे: आधी खर्च करायचा नाही, नंतर पाहणी करायची.

जाळरेषेचे काम जानेवारीत गावालाच द्या. कापलेले गवत आमच्या जनावरांना होईल, मजुरी गावात राहील. मालकीच्या पडातूनही पट्टा निघायला हवा. आग सातबारा बघून थांबत नाही. आणि या वणव्याचा पंचनामा वन आणि महसूल दोघांनी मिळून याच आठवड्यात करावा, असा लेखी आदेश काढा. म्हशीच्या औषधाच्या पावत्या मी जपून ठेवल्या आहेत.

आपला,
एक शेतकरी
ता. जावळी, जि. सातारा