वहिनी, फ्रायर नाही घेतला, पण मनापासून आभार!

शेजारच्या वहिनींना,
सप्रेम नमस्कार.

घरी डीप फ्रायर, म्हणजे भरपूर तेलात तळायचं विजेचं भांडं, घ्यावा का, असं मी तुम्हाला जाता जाता विचारलं होतं. "घ्या हो" किंवा "कशाला पसारा" एवढ्याच उत्तराची अपेक्षा होती. तुम्ही थेट तुमचा फ्रायरच आणून दिलात आणि वर अट घातलीत, "तेल तुम्हीच काढायचं, भांडं तुम्हीच घासायचं. मग ठरवा." त्या अटीसाठी हे जाहीर आभार. जाहिरातीत कुरकुरीत तळण दिसतं, गार झालेलं तीन लिटर तेल कोण दाखवतो?

आधी त्याचं कौतुक करते, कारण ते खरंच आहे. काटा १७५ अंशांवर लावला, दिव्याने खूण केली की तेल तयार. थेंबभर पीठ टाकून अंदाज घेत बसायला नको. तेल तापवणारी कॉइल तळापासून जरा वर असते, म्हणून तिच्याखालचं तेल त्यामानाने गार राहतं आणि खाली बसलेला चुरा करपत नाही. कढईला आच खालूनच लागते, त्यामुळे तोच चुरा जळून तेल लवकर काळं पडतं. "टोपली गच्च भरू नका" असं तुम्ही का बजावत होतात, तेही बटाट्याचे काप सोडल्यावर कळलं. गार काप एकदम पडले की तेलाचं तापमान घसरतं, बुडबुडे मंदावतात आणि हाती लागतात लिबलिबीत काप. काप बाहेर काढल्यावर गार होतानाच बरंचसं तेल आत ओढून घेतात, म्हणून टोपली लगेच झटकायची, हे तर मला ठाऊकच नव्हतं.

आता दुसरी बाजू. कढईचा तळ गोल, थोडक्या तेलात भागतं. फ्रायरमध्ये किमान रेघेपर्यंत तेल हवंच, कॉइल उघडी ठेवून चालत नाही. मग मूठभर काप असोत की पाहुण्यांचं ताट, तेल तेवढंच. ज्यांच्याकडे सारखं तळण असतं, त्यांचं तेल कामी लागतं. आमच्याकडे कधीमधी. एकदा तापलेलं तेल गाळून, झाकून, अंधारात ठेवलं तरी हळूहळू खराब होतच राहतं. पुढच्या वेळी तापवताना ते फेसाळलं किंवा लवकर धुरावलं की टाकूनच द्यायचं, आणि तेही मोरीत नाही, नाहीतर पाइप तुंबतो.

आणि घासणं! टोपलीच्या तारा जिथे एकमेकींना चिकटतात, तिथे मधासारखा पिवळा थर बसला होता. तापून तापून घट्ट झालेलं तेल ते, साबणाला दाद देईना. गरम पाण्यात भिजवून जुन्या ब्रशने एकेक सांधा कोरावा लागला. कॉइलचा भाग पाण्यात बुडवायचा नाही, म्हणून तो फडक्याने पुसायचा. झाकणाच्या कडेच्या खाचेबद्दल बोलतच नाही.

ठरवलेल्या तापमानाला तापवणं आपोआप थांबवणाऱ्या थर्मोस्टॅटवर मात्र माझं मन अजून अडतं. कढईखालची आच आपण बंद करेपर्यंत तेल तापतच राहतं, फ्रायर स्वतः थांबतो. म्हणून तुमच्याच सल्ल्याने तळणाचा थर्मामीटर घेतला आणि कढईवर नीट बसेल असं धातूचं झाकण शोधून हाताशी ठेवलं. तेल पेटलंच तर आच बंद, वर झाकण, आणि पाणी अजिबात नाही: ते तेलाखाली जाऊन क्षणात वाफ होतं, सुमारे १७०० पट फुगतं आणि पेटतं तेल चहूकडे उडवतं.

"मग एअर फ्रायर घे की" म्हणणारेही भेटले. तो गरम हवा फिरवणारा छोटा ओव्हन आहे, चांगलाही आहे. पण पातळ पिठात बुडवलेलं काही त्यात ठेवून बघा म्हणावं, सगळं खाली ओघळतं.

तेव्हा फ्रायर घेत नाही. माणसं जास्त असतील तेव्हा तुमचंच दार ठोठावीन. तेल माझं, घासणंही माझं. आणि हो, झाकणातला वास शोषणारा फिल्टर पार चिकट झालाय, तो बदलायला हवा.

तुमची शेजारीण