तारीख लिहिलेली चिठ्ठी

डँडेनाँग, मेलबर्न
मंगळवार, रात्री

ती. बाबांना आणि ती. आईला,
शि. सा. न. वि. वि.

रविवारी फोनवर होडीने ऑस्ट्रेलियात येणाऱ्या निर्वासितांवरून माझा आवाज चढला, ते मनाला लागून राहिलंय. आईने "पुरे करा आता दोघं" म्हणून फोन ठेवला, आणि नंतर दोन दिवस औषधांच्या दुकानात गोळ्या मोजताना तुमचंच बोलणं डोक्यात घोळत होतं. "तू रीतसर व्हिसा काढून गेलीस, परीक्षा दिल्यास, फी भरलीस. ही माणसं होडीत बसून येतात आणि आधी आम्हाला घ्या म्हणतात. त्यांना रांगेत उभं राहायला काय होतं?" प्रश्न गैर नाही. 'रांग मोडणारे' हा शब्द इथल्या राजकारणात गेली पंचवीसेक वर्षं चालतोय, आणि तो वापरणारे सगळेच काही दुष्ट नसतात. फोनवर मला धड उत्तर देता आलं नाही, म्हणून लिहायला बसले.

बाबा, तुमची सारी नोकरी शिधावाटप कार्यालयात गेली. रांग म्हणजे काय हे तुमच्याहून चांगलं कोणाला माहीत? रांगेला खिडकी लागते, खिडकीमागे माणूस लागतो, आणि आज नाही तर उद्या आपला नंबर लागेल असा भरवसा लागतो. अफगाणिस्तानातल्या गझनीच्या एखाद्या हजारा (तिथल्या अल्पसंख्य समाजाच्या) माणसाच्या दाराशी तालिबान आले, तर त्याने कुठल्या खिडकीपुढे उभं राहायचं? ऑस्ट्रेलिया आपल्या मानवतावादी कार्यक्रमात वर्षाला २० हजार जागा ठेवतं. २०२४ च्या अखेरीस जगात घरादाराला मुकलेले लोक १२ कोटींच्या वर होते. त्यातल्या ज्यांनी देशाची सीमा ओलांडली, त्यांच्यापैकी शंभरात एकालाही दुसऱ्या देशात रीतसर नेऊन वसवलं जात नाही. शिवाय तिथे आधी आलेल्याला आधी, असा हिशोबच नसतो. तुम्ही म्हणता ती रांग कुठे लागलेली नाही, बाबा. म्हणूनच १९५१ च्या निर्वासित करारात लिहून ठेवलंय की जीव वाचवायला जो थेट पळून आला आणि लगेच अधिकाऱ्यापुढे हजर झाला, त्याला बेकायदा आल्याबद्दल शिक्षा करायची नाही. १९५४ च्या जानेवारीत ऑस्ट्रेलियाने तो मान्य केला. सहावा देश होता हा, आणि त्यामुळेच करार लागू झाला.

पण मला मुळात सांगायचंय ते एका गिऱ्हाइकाबद्दल.

हे अफगाण भाई २०१२ च्या शेवटी इंडोनेशियातून होडीने ऑस्ट्रेलियाच्या ख्रिसमस बेटावर आले. त्याआधी काही वर्षं पाकिस्तानात क्वेट्टाला होते, त्यामुळे उर्दू उत्तम बोलतात. दुकानात आम्ही दोघं हिंदी-उर्दूतच बोलतो. घर सोडलं तेव्हा बायकोला सहावा महिना होता. मुलगा मागाहून झाला. २०२१ च्या लॉकडाऊनमध्ये एका संध्याकाळी ते फोन कानाला लावूनच आत आले. तिकडे मुलाला ताप होता, बायकोजवळ पॅरासिटामॉलचं सिरप होतं, किती द्यायचं ते तिला कळत नव्हतं. मी सवयीने विचारलं, "बच्चे का वज़न कितना है?"

भाई माझ्याकडे बघत राहिले. मग फोनवर बायकोला विचारलं. तिलाही नक्की माहीत नव्हतं. तिने शेजारच्या दुकानातला काटा मागवला असावा, कारण बराच वेळ नुसती पावलं आणि दार वाजल्याचे आवाज येत होते. मागे गिऱ्हाइकं थांबली होती, पण कोणी काही बोललं नाही. शेवटी आकडा आला, "बाईस किलो." भाईंनी तो माझ्याकडून एका कागदावर लिहून घेतला आणि घडी करून पाकिटात ठेवला. डोस मी सांगितला होता, पण त्यांनी लिहून घेतलं ते वजन. आठ वर्षांच्या मुलाचं वजन बापाला त्या दिवशी कळलं होतं.

तुम्ही म्हणाल, असं का झालं? त्यांचा दावा खोटा होता का? नाही, पुढे तो मान्यच झाला. पण २०१२ च्या ऑगस्टनंतर होडीने आलेल्यांना दोन वर्षं काम करायला बंदी होती. अर्ज करायलाही परवानगी नव्हती, नुसतं बसून राहायचं. मग अर्ज, मुलाखत, आणि तीन वर्षांचा तात्पुरता व्हिसा, ज्यावर बायकामुलांना बोलावता येत नाही. तो संपला की पुन्हा अर्ज, पुन्हा पहिल्यापासून भीती. २०२३ च्या फेब्रुवारीत सरकारने अशा साधारण १९ हजार लोकांना कायमचा व्हिसा मिळण्याचा मार्ग खुला केला. त्या दिवशी इथल्या थॉमस स्ट्रीटवरच्या अफगाण बाजारात लोक ओळख नसताना एकमेकांच्या गळ्यात पडत होते. ते मी माझ्या डोळ्यांनी पाहिलंय.

आणि हे भाई त्यातल्या त्यात नशीबवान. १९ जुलै २०१३ ला इथल्या पंतप्रधानांनी जाहीर केलं की यापुढे होडीने आलेल्या कोणालाही ऑस्ट्रेलियात कधीच वसू देणार नाही, मग त्याचा दावा शंभर टक्के खरा का असेना. भाईंच्या मागून काही महिन्यांनी निघालेल्या लोकांना सरकारने पॅसिफिकमधल्या नाउरूला नाहीतर पापुआ न्यू गिनीच्या मानुस बेटावर धाडलं. कित्येकांची तिथे सहा-सहा वर्षं गेली. न्यूझीलंड २०१३ पासून म्हणत होतं, वर्षाला दीडशे जण आम्हाला द्या, आम्ही सांभाळतो. इथल्या सरकारने हो म्हणायला २०२२ चा मार्च उजाडला.

मला माहीत आहे तुम्ही इथे काय म्हणाल, कारण या वादातला सगळ्यात वजनदार मुद्दा तोच आहे. होड्या बुडतात. २००१ च्या ऑक्टोबरमध्ये एका होडीबरोबर ३५३ माणसं गेली, त्यात बायकामुलंच जास्त. २०१० च्या डिसेंबरात ख्रिसमस बेटाच्या खडकांवर होडी फुटली, तेव्हा बेटावरचे लोक किनाऱ्यावरून लाइफ जॅकेटं फेकत होते आणि डोळ्यांदेखत पन्नासेक जण बुडाले. दार उघडं ठेवलं तर दलाल माणसांना अशाच होड्यांत कोंबतील, म्हणून कडक व्हायचं, असं सरकार म्हणतं. यात तथ्य नाही असं मी म्हणणार नाही. दलालांना आवर घालायलाच हवा. पण होडीत बसू पाहणाऱ्या उद्याच्या माणसाला धाक बसावा म्हणून आज हातात सापडलेल्या माणसाची वर्षंच्या वर्षं नासवायची, हे मला पटत नाही. आणि समुद्र धोक्याचा म्हणून थांबा म्हणायचं, तर विमानाने येण्याची वाट रुंद करायला हवी. ती १३,७५० जागांवरून २० हजारांवर न्यायला २०२३ उजाडावं लागलं.

कायद्याचंही सांगते. १९९२ मध्ये इथे होडीने आलेल्यांना डांबायचा नियम झाला, आणि १९९४ पासून तो व्हिसा नसलेल्या सगळ्यांना सरसकट लागू आहे. किती दिवस, ते त्यात लिहिलेलं नाही. २००४ मध्ये इथल्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटलं, परत पाठवायला देशच नसेल तर अनिश्चित काळ डांबलं तरी चालेल. २०२३ च्या नोव्हेंबरात त्याच न्यायालयाने ते फिरवलं. ज्याच्या खटल्यात फिरवलं तो देश नसलेला रोहिंग्या माणूस, आणि त्याच्या नावावर एका मुलावरच्या अत्याचाराचा गुन्हा शाबीत झालेला होता. त्या निकालाने इथे केवढा गहजब झाला! मला स्वतःला त्या माणसाची कणव येत नाही. पण न्यायालयाचं म्हणणं मला पटतं. शिक्षा द्यायची ती न्यायाधीशाने, मोजून. ती भोगून झाल्यावर खात्याने आपल्या मर्जीने आत ठेवायचं नाही.

क्वीन्सलँडमधल्या बिलोएलाचं आईला मागे सांगितलं होतं. सहाएक हजार वस्तीचं गाव, खाटीकखान्यावर आणि कोळशाच्या खाणीवर जगणारं. तिथल्या एका तमिळ कुटुंबाला, आईबाप आणि इथेच जन्मलेल्या दोन चिमुरड्या मुलींना, २०१८ च्या मार्चमध्ये पहाटे उचलून नेलं. त्यांचे शेजारी काही मोर्चेवाले नव्हते. पण चार वर्षं त्या गावाने पाठ सोडली नाही, आणि २०२२ च्या जूनमध्ये ते कुटुंब गावात परत आलं. नियम त्यांनाही ठाऊक होता, पण त्या मुलींना ते नावाने ओळखत होते.

आता तुमच्याबद्दल. रागावू नका.

मी सहावी-सातवीत असताना सुट्टीत तुमच्याबरोबर उल्हासनगरच्या ऑफिसात यायचे, आठवतं? कोपरीहून स्टेशनपर्यंत चालत, मग लोकल. तिथे बाकीच्या खिडक्यांवर "उद्या या" हे दिवसभर ऐकू यायचं. तुम्ही पाठकोऱ्या कागदाचा तुकडा फाडून त्यावर तारीख लिहायचात, खाली सही करायचात आणि माणसाच्या हातात द्यायचात. "या तारखेला या, तेव्हा हो की नाही ते सांगतो." कोणाकडे भाडेपावती नसायची, कोणाचं नाव कुठेच लागलेलं नसायचं. अशांना हाकलून न देता तुम्ही चौकशीला स्वतः जायचात. चूल बघायचात, शेजाऱ्याला विचारायचात, आणि मग ठरवायचात. कितीतरी अर्ज तुम्ही नामंजूरही केलेत. मी विचारलं होतं, "बाबा, नाही म्हटल्यावर लोक भांडत नाहीत?" तुम्ही म्हणालात, "तारखेला सांगितलं की भांडत नाहीत. उगाच फेऱ्या मारायला लावल्या की भांडतात."

मला इथल्या धोरणात याहून वेगळं काही नको आहे, बाबा. माणूस आला की त्याची ओळख आणि तब्येत तपासा, त्याला काही आठवडे लागतील ते लागू देत. मग त्याला चारचौघांत राहू द्या, काम करू द्या. मुलांना तर एक रात्रही डांबू नका. डांबायचंच असेल तर न्यायाधीशापुढे कारण सांगा. कागद नसतील तर चौकशी करा. आणि ठरलेल्या तारखेला हो किंवा नाही सांगा. नीट ऐकून घेतल्यावर 'नाही' ठरलं, तर त्याने परत जावं, इथपर्यंत मी तुमच्या बाजूची आहे. पण दहा-बारा वर्षं 'बघू' म्हणत राहायचं?

२०२३ च्या सप्टेंबरमध्ये अशाच 'बघू'त अडकलेल्या २२ बायका मेलबर्नहून कॅनबेराला चालत निघाल्या. इराणी, तमिळ, बहुतेक जणी मुलाबाळांच्या. सहाशे किलोमीटरहून जास्त वाट, म्हणजे आपल्या आळंदी-पंढरपूरच्या दुपटीहूनही अधिक. मी दुकानातून पायाच्या फोडांवर लावायच्या पट्ट्यांची खोकी घेऊन गेले होते. एकीने लगेच बूट काढून टाचेला पट्टी चिकटवली, "थँक यू सिस्टर" म्हणाली आणि लेस बांधून उठली. मला आजीची आठवण झाली, वारीहून आल्यावर परातीत पाय सोडून बसलेली.

तुम्ही रविवारी म्हणालात, "आपल्याकडे बघ, आपण कुठे कोणाला घेतो?" घेतलंय की बाबा. समोरच्या दादी कराचीहून बोटीने आल्या तेव्हा त्यांच्याकडे कुठला कागद होता? "नाव बोललं, साहेबाने लिहिलं," असंच सांगायच्या ना त्या? युद्धातल्या लष्करी छावणीच्या बॅरेकींत गोणपाटाचे पडदे लावून संसार मांडले. ८ ऑगस्ट १९४९ ला राजगोपालाचारींनी तिथे शहराची कोनशिला बसवली, आणि आजही उल्हासनगरचा पत्ता कॅम्प नंबरनेच सांगतात. तुम्ही म्हणाल, ती फाळणी, ते आपलेच लोक. बरं. मग कोल्हापूरजवळच्या वळिवड्यात १९४३ ते १९४८ जे पाचेक हजार पोलिश लोक राहिले, ते आपले कोण होते? रशियनांनी सैबेरियात हाकललेली, इराणमार्गे आलेली बायकामुलं. त्यांना शाळा मिळाली, चर्च मिळालं, आणि त्यांची नातवंडं अजून कोल्हापुरात येऊन जातात.

फक्त आपण हे कधी कायद्यात लिहून ठेवलं नाही. १९५१ च्या करारावर भारताची सही नाही. पूर्व पाकिस्तानातून अरुणाचलात आलेल्या चकमा निर्वासितांच्या खटल्यात १९९६ मध्ये सुप्रीम कोर्टाने सांगितलं की जगण्याचा हक्क, कलम २१, नागरिक नसलेल्यालाही आहे. २०२२ मध्ये शशी थरूर यांनी लोकसभेत खाजगी विधेयक मांडलं, पण त्याचा कायदा झाला नाही. २०२५ चा परकीयांविषयीचा नवा कायदा आला, त्यातही निर्वासित अशी वेगळी व्याख्या नाही. तिबेटींना एक वागणूक, श्रीलंकेच्या तमिळांना दुसरी, दिल्लीतल्या अफगाणांना तिसरी. म्हणजे सगळं त्या वेळच्या साहेबावर. साहेब तुमच्यासारखा भेटला तर ठीक.

रात्रीचे साडेअकरा वाजले, आवरते. आईच्या गुडघ्याचं मलम आणि कॅल्शियमच्या दोन बाटल्या पार्सलने पाठवते आहे. कॅल्शियम जेवणानंतर घे गं आई, चहाबरोबर नको. तुमच्या मोतीबिंदूची तारीख ठरली की लगेच कळवा, रजा टाकते.

आणि हो, भाई शुक्रवारी आले होते. बायकोमुलाच्या अर्जाची पोचपावती आली आहे, तिच्यावर निकाल कधी ते लिहिलेलं नाही. मी काही विचारायच्या आतच म्हणाले, "बहन, इकतालीस किलो हो गया."

तुमची लेक

ता. क. दादींच्या सुनेला विचारून त्यांच्या बॅरेकीचा नंबर कळवाल का? भाईंना उल्हासनगरचं सांगितलं, तर त्यांनी पहिलं तेच विचारलं.