दोष एकट्या काँक्रीटचा नव्हे

मा. संपादक,

ओसाड पडलेल्या आधुनिक इमारतींची छायाचित्रे हल्ली सर्रास पाहायला मिळतात. गंजलेल्या सळ्या, फुटक्या काचा, काळवंडलेले काँक्रीट आणि खाली ठरलेली ओळ : माणसाचा विचार न करता बांधलेली वास्तू. या ओळीमुळे खरी कारणे झाकली जातात, म्हणून हे पत्र.

अमेरिकेतील सेंट लुईस शहरातली प्रुइट-आयगो वसाहत घ्या. मिनोरू यामासाकी यांच्या आराखड्यानुसार १९५०च्या दशकात ११ मजल्यांच्या ३३ इमारती उभ्या राहिल्या आणि १९७२पासून सुरुंगाने पाडल्या गेल्या. ते दृश्य आधुनिक वास्तुकलेच्या पराभवाचा पुरावा म्हणून अजून दाखवले जाते. पण पैशांचा हिशेब पाहा. बांधकामाला केंद्र सरकारने हात दिला, देखभाल मात्र भाडेकरूंच्या भाड्यातून भागवायची होती. १९५० साली साडेआठ लाखांवर असलेली शहराची लोकसंख्या १९७०पर्यंत सव्वासहा लाखांच्या आसपास आली. घरे रिकामी पडली, उत्पन्न आटले, दुरुस्ती थांबली. हाल सोसले ते तिथल्या गरीब, बहुतांश कृष्णवर्णीय कुटुंबांनी, आणि बदनामीही त्यांचीच झाली. ठरावीक मजल्यांवरच थांबणाऱ्या लिफ्टसारख्या चुका आराखड्यात होत्या, हे मान्यच. पण तेवढ्याने अख्खी वसाहत मरत नाही.

स्कॉटलंडमधील कार्ड्रॉसची सेंट पीटर्स सेमिनरी, म्हणजे कॅथलिक धर्मगुरू घडवणारी शाळा, १९६६ मध्ये सुरू झाली, तेव्हा दुसऱ्या व्हॅटिकन परिषदेनंतर (कॅथलिक चर्चची सुधारणांसाठीची परिषद) धर्मगुरूंच्या शिक्षणाची कल्पनाच बदलत होती. इमारत गळत होती हे खरे, पण विद्यार्थीही कधी पुरेसे आले नाहीत आणि १९८० मध्ये ती बंद झाली. लेबनॉनच्या त्रिपोलीतील वास्तुविशारद ऑस्कर निमायर यांचे प्रदर्शन-संकुल १९७५च्या यादवीने अर्धवट राहिले.

टोकियोच्या नाकागिन टॉवरबद्दल मला विशेष हळहळ वाटते. वास्तुविशारद किशो कुरोकावा यांची कल्पना अशी की, त्यातल्या डब्यासारख्या १४० सुट्या खोल्या साधारण २५ वर्षांनी काढून नव्या बसवायच्या. एकदाही बसवल्या नाहीत, आणि २०२२ मध्ये टॉवर उतरवला गेला. जी कल्पना कधी अमलातच आली नाही, ती फसली असे कसे म्हणायचे?

अशी छायाचित्रे आपण जरूर छापावीत. मात्र इमारत कोणासाठी बांधली होती, तिच्या देखभालीचा खर्च कोणावर होता आणि तो केव्हा थांबला, हे दोन ओळींत सोबत द्यावे, ही विनंती.

– एक वाचक