शिवलेले बोट हलवायचे कधी?

महोदय,

बंदी असूनही नायलॉन मांजाने बोटे कापतातच. त्याच्या बातम्या येतात, पण पुढे त्या हाताचे काय होते ते कुणी छापत नाही. बोट वाकवणारा कंडरा, म्हणजे स्नायूला हाडाशी जोडणारा दोरीसारखा पट्टा, अरुंद नळीतून सरकतो. शिवल्यावर तो अजिबात हलला नाही, तर आजूबाजूला चिकटतो आणि मूठ वळत नाही. म्हणून बहुधा पहिल्याच आठवड्यात, स्प्लिंट (हाताला आधार देणारी कडक पट्टी) न काढता, फिजिओथेरपिस्टच्या देखरेखीखाली हलकी हालचाल सुरू करतात. जोर मात्र लावायचा नाही. भरली बादली साधारण १२ आठवड्यांनंतर. आमच्या शेजारच्या मुलाच्या डिस्चार्ज कार्डावर टाके काढायची तारीख ठळक होती, व्यायामाबद्दल अवाक्षर नाही! रुग्णालयांनी तेवढी एक ओळ मराठीत लिहून द्यावी.

– एक वाचक, येवला