बाबांच्या ताटातलं काळीज

परळ, मुंबई
रविवार, दुपार

ती. आई-बाबा,
सा. नमस्कार.

बाबा, तुमच्या रक्ताचा रिपोर्ट दादाने काल पाठवला. फोनवर सांगायला घेतलं की तुम्ही "बरं, बरं" म्हणता आणि फोन आईच्या हातात देता. म्हणून हे सगळं कागदावर लिहितेय. चष्मा लावून निवांत वाचा, आणि जिथे आईचं नाव येईल तो भाग तिला मोठ्याने वाचून दाखवा.

हिमोग्लोबिन १०.८ आलंय. पुरुषाचं १३ च्या वर असावं. पण मला जास्त महत्त्वाचा वाटला तो खालचा एमसीव्हीचा आकडा, १०४. लाल पेशींचा आकार किती आहे ते त्यातून कळतं आणि तो ८० ते १०० च्या आत असतो. लोह कमी पडलं की पेशी लहान होतात, बी-१२ किंवा फोलेट कमी पडलं की त्या मोठ्या होतात. मी लॅबमध्ये दिवसभर काचेवर पसरलेलं रक्तच बघते, त्यामुळे हा आकडा वाचल्याबरोबर खालचा बी-१२ चा आकडा काय असणार ते मला कळलं होतं. १४२ आहे तो. २०० च्या खाली म्हणजे कमीच. पायाला येणाऱ्या मुंग्या, जिभेची आग, जिना चढताना लागणारा दम या सगळ्याचा त्याच्याशी संबंध असू शकतो. साखरेसाठी तुम्ही इतकी वर्षं मेटफॉर्मिन घेताय, त्याने बी-१२ शरीरात कमी मुरतं. सकाळची ॲसिडिटीची गोळी त्यात भर घालते. आणि वय झालं की पोटातलं आम्ल मुळातच कमी होतं, त्यामुळे अन्नातलं बी-१२ सुटं होत नाही. यात तुमची काही हयगय झालेली नाही.

डॉक्टरांनी इंजेक्शनं दिलीत ती एकही चुकवायची नाही. पुढे मी जे लिहिणार आहे ते इंजेक्शनांच्या बदल्यात नाही. मुंग्या येणं म्हणजे नसांना झळ लागलेली असते, तिथे जेवणाच्या भरवशावर राहून चालत नाही. साखरेची गोळीही मनाने बंद करू नका.

आता काळजाचं. दादा म्हणाला, मोबाइलवर काहीतरी वाचल्यापासून तुम्ही काळीज खायचं सोडलंय. काळजात सगळं विष साठलेलं असतं, असं त्यात होतं म्हणे. बाबा, काळीज म्हणजे यकृत, ते विषाचं कोठार नाही. रक्तातून आलेले नको ते पदार्थ तिथे बदलले जातात आणि लघवीवाटे, पित्तावाटे बाहेर टाकले जातात. काही जड धातू किंवा जनावराला दिलेल्या औषधांचा अंश मागे राहू शकतो, हे खरं आहे. म्हणून निरोगी जनावराचं घ्यावं आणि रोज खाऊ नये. पण काळीज खरं साठवतं ते जीवनसत्त्व अ, बी-१२, फोलेट, लोह आणि तांबं. तुम्हाला नेमकं जे कमी पडलंय, तेच.

अंदाज यावा म्हणून सांगते. माणसाला दिवसाला साधारण २.२ मायक्रोग्रॅम बी-१२ लागतं. मेंढीच्या १०० ग्रॅम काळजात ते ९० मायक्रोग्रॅमच्या आसपास असतं, आणि बोकडाचं काळीजही असंच भरलेलं. कोंबडीच्या कलेजीत त्यापेक्षा बरंच कमी, पण १६ च्या आसपास म्हणजे गरजेच्या कितीतरी पट. शिवाय कोंबडीच्या कलेजीत फोलेट जास्त असतं आणि लोहही भरपूर. मांसातलं लोह पालेभाजीतल्या लोहापेक्षा शरीर सहज घेतं. प्रथिनं १०० ग्रॅमला २० ग्रॅम. आणि कवळी लावून चावायला मटणापेक्षा काळीज कितीतरी सोपं.

एक गोष्ट मात्र नीट लक्षात घ्या. एका जेवणातून शरीर जेमतेम दीड-दोन मायक्रोग्रॅम बी-१२ नीट आत घेऊ शकतं. त्यापुढचं बहुतेक तसंच निघून जातं. म्हणून रविवारी पाव किलो एकदम खाण्यापेक्षा रविवारी दोन-तीन फोडी आणि बुधवारी दोन-तीन फोडी, हे तुमच्यासाठी जास्त कामाचं. आठवड्याचं मिळून ७० ते ८० ग्रॅम, त्यापुढे नाही.

मी रोज कामाला जाते त्या वाटेवर हाफकिन इन्स्टिट्यूट आहे. तुम्हाला साप चावल्यावरच्या लशीमुळे ते नाव माहीत असेल. १९२८ मध्ये ल्युसी विल्स नावाच्या इंग्रज डॉक्टर मुंबईत आल्या आणि तिथे काम करू लागल्या. गिरण्यांमध्ये राबणाऱ्या बायका गरोदरपणात पांढऱ्याफटक पडत होत्या, काही दगावतही होत्या. त्यांच्या रक्तातल्या पेशी अशाच मोठ्या झालेल्या असत. विल्सबाईंनी त्या बायका काय खातात ते पाहिलं, आधी उंदरांवर आणि मग माकडांवर प्रयोग केले, आणि त्यांना दिसलं की यीस्टपासून केलेल्या मार्माइटने आणि काळजाच्या साध्या अर्काने हे रक्त सुधारतं. गंमत म्हणजे त्या काळी दुसऱ्या एका पंडुरोगावर, म्हणजे रक्त कमी होण्याच्या आजारावर, लागू पडणारा काळजाचा शुद्ध केलेला अर्क इथे चालेना. म्हणजे काळजात एक नव्हे, रक्ताला लागणाऱ्या दोन वेगळ्या गोष्टी होत्या. १९३१ मध्ये त्यांनी हे छापलं. त्यांना सापडलेली गोष्ट पुढे फोलिक ॲसिड म्हणून ओळखली गेली. आज वहिनीला आशाताई ज्या लाल गोळ्या देतात, त्यात लोहासोबत तेच असतं. परळच्या गिरणी कामगार बायकांच्या रक्तातून हे जगाला कळलं, याचं मला फार वाटतं.

तो दुसरा पंडुरोग म्हणजे बी-१२ चा. शंभर वर्षांपूर्वी तो झाला की माणूस जाणार हे ठरलेलंच असे. अमेरिकेत जॉर्ज व्हिपल यांनी रक्त कमी केलेल्या कुत्र्यांना वेगवेगळं खाऊ घालून पाहिलं, त्यात काळजाने रक्त सगळ्यात चांगलं भरून आलं. त्यावरून बॉस्टनच्या जॉर्ज मायनॉट आणि विल्यम मर्फी यांनी पंडुरोग्यांना रोज भरपूर काळीज खायला घातलं आणि १९२६ मध्ये ४५ रोग्यांची हकीगत प्रसिद्ध केली. मरणाच्या दारातली माणसं उठून बसली होती. तिघांना १९३४ चं नोबेल मिळालं. बाबा, यातल्या मायनॉटनाही मधुमेह होता. ऐन वेळी इन्सुलिन निघालं म्हणून ते जगले आणि हे काम करू शकले. काळजातलं ते नेमकं द्रव्य, म्हणजे बी-१२, वेगळं काढायला १९४८ उजाडलं. तोवर काळीज किंवा त्याचा अर्क हेच औषध होतं. तुमच्या इंजेक्शनातलं लाल पाणी हे त्याच काळजाच्या औषधाचं पुढचं रूप आहे.

आता घरात हे बसवायचं कसं? आई, तू माळ घातल्यापासून मटणाची भांडी परसात असतात, ती तिथेच राहू देत. तुला त्यात हात घालायला लागू नये. दादाला मी सांगितलंय, पण खरं तर बाबांनीच करावं. भैरोबाच्या जत्रेला अख्ख्या भावकीचं पातेलं तुम्ही उतरवता बाबा, वाटीभर काळीज तुम्हाला जड नाही.

रविवारी सकाळी लवकर जा, आणि खाटकाला मटणात टाकलेल्या दोन फोडी नकोत, काळीज वेगळं द्या म्हणून सांगा. तुमच्या समोर कापू दे. रंग गडद तांबूस, वरून तुकतुकीत, वास नाही, असं हवं. पित्ताची पिशवी न फोडता काढलेली बघा, नाहीतर सगळं कडू होतं. काळजावर पांढरे डाग, गाठी किंवा पाण्याने भरलेला फोड दिसला तर ते घेऊच नका. आणि इथे एक कळकळीचं सांगणं आहे. असा फोड आलेला तुकडा मोत्यापुढे टाकू नका, आपल्याकडे सर्रास टाकतात. त्या फोडात कृमीची पिल्लं असतात, ती कुत्र्याच्या पोटात वाढतात, त्याच्या विष्ठेतून अंडी बाहेर पडतात आणि अंगणात खेळणाऱ्या पोरांच्या हातातून पोटात जातात. मग माणसाच्या यकृतात, फुप्फुसात तसेच फोड होतात आणि ऑपरेशन करावं लागतं. मोत्याला कच्चं काहीच नको, द्यायचं तर चांगलं काळीज उकळून द्या.

घरी आणलं की वरचा पातळ पापुद्रा काढा, धुवा, बोटाच्या पेराएवढ्या फोडी करा. उग्र वास नको असेल तर अर्धा तास लिंबू लावून ठेवा. तुम्हाला सोसेल असं म्हणजे अळणी, बिनमसाल्याचं. चमचाभर तेलात ठेचलेलं आलं-लसूण आणि हळद परतायची, फोडी टाकायच्या, दोन वाट्या गरम पाणी, आणि सात-आठ मिनिटं उकळी. मीठ शेवटी. फार वेळ शिजवलं की काळीज रबरासारखं होतं, आणि उष्णतेने फोलेटही जातं. पण फोड मोडून बघायची, आत गुलाबी किंवा रक्ताळलेलं दिसता कामा नये. हे पाणी फेकू नका, ज्वारीच्या भाकरीवर घ्या. दुसऱ्या दिवसासाठी ठेवलेल्या कच्च्या फोडी लगेच फ्रीजरमध्ये टाका, काळीज मटणापेक्षा लवकर खराब होतं.

झणझणीत हवं असेल तर तव्यावर कांदा लाल करून त्यात फोडी, मिरपूड, चिमूटभर कांदा-लसूण मसाला, वरून कोथिंबीर आणि लिंबू. तेल मात्र बेताने. नातवंडं काळीज बघून नाक मुरडतात ना? त्यांना खिम्यात द्या. चार वाट्या खिम्याला एक वाटी बारीक चिरलेलं काळीज मिसळलं तर कळतसुद्धा नाही. आणि बुधवारसाठी कोंबडीवाल्याकडून थोडी कलेजी-पेठा आणा. स्वस्त असते. पेठा, म्हणजे कोंबडीची पोटी, दादाला, तो कवळीला चावणार नाही. कलेजी शिजवून, कांदा आणि मिरी घालून वाटली की भाकरीला लावून खाता येते.

एक विनंती. लहानपणापासून बघतेय, अळणीतलं काळीज पहिलं आम्हा पोरांच्या ताटात पडायचं आणि तुम्ही नुसत्या रश्शावर जेवायचात. आता नातवंडांना द्यायला लागलात. त्यांना एकेक फोड पुरे. तुमच्या वाट्याची तुम्हीच खायची.

वहिनीला मात्र देऊ नका. गावात सगळ्या सांगतील की गरोदर बाईला काळीज द्या, रक्त वाढतं. पण १०० ग्रॅम काळजात जीवनसत्त्व अ सुमारे ७००० मायक्रोग्रॅम असतं, आणि दिवसाला ३००० च्या वर ते कुणीच घेऊ नये. पोटातल्या बाळाला, विशेषतः पहिल्या महिन्यांत, ते जास्त झालं तर घातक ठरू शकतं. तिने लाल गोळ्या नियमित घ्याव्यात, अंडी खावीत. तात्यांनाही आग्रह करू नका, त्यांचा अंगठा युरिक ॲसिडने सुजतो आणि काळजाने ते आणखी वाढतं. तुमचं युरिक ॲसिड ठीक आहे, ते मी बघितलं. कोलेस्टेरॉलची गोळी चालू आहे म्हणून तुमच्या डॉक्टरांना फोन करून विचारलं. एवढ्याशा मापाला त्यांची हरकत नाही.

श्रावण पाळायचा असेल तर खुशाल पाळा. सोमवार, गुरुवार, एकादशी, काहीही मोडायला नको. आपलं स्वतःचं काळीजही बी-१२ साठवून ठेवतं, आणि साठा एकदा भरला की महिनाभराने काही बिघडत नाही. फक्त इंजेक्शनाची तारीख श्रावणात आली तरी ती पाळायची.

आता आई, तुझं. तुझं बी-१२ कुणी तपासलेलंच नाही. दूध-दह्यात ते असतं, पण तू दही सगळ्यांना वाढतेस आणि शेवटी ताकाच्या पाण्यावर येतेस. रोज वाटीभर दही तुझ्यासाठी बाजूला काढ. वारीला चालताना पाय बधिर होतात म्हणालीस, ते मी विसरलेले नाही. औषधातलं बी-१२ जनावरापासून काढत नाहीत, जिवाणूंकडून आंबवून तयार करतात, त्यामुळे तुझ्या माळेला त्याची बाधा नाही. फक्त कॅप्सूलचं वेष्टण कधी कधी जनावराच्या जिलेटिनचं असतं, म्हणून साधी गोळी माग. मेथी, चवळीची भाजी खातेस ते चांगलंच, वर लिंबू पिळ, आणि जेवणानंतरचा चहा तासभर लांबव. चहाने भाजीतलं लोह अंगी लागत नाही.

येत्या शुक्रवारी दादा बाबांना इंजेक्शनाला नेणार आहे. तू पण सोबत जा आणि त्याच वेळी तुझं रक्त दे. पैसे मी त्याच्याकडे पाठवलेत. बाबांचं रक्त तीन महिन्यांनी पुन्हा तपासायचं आहे, एमसीव्हीसकट. दोघांचे रिपोर्ट आले की आधी मला फोटो पाठवायला सांगा.

तुमची,
वैशू