माहीमच्या अंकलना, थँक्यू

अंकल,

व्हॉट्सॲपवर लिहिलं तर नुसता अंगठा पाठवाल, म्हणून इथे सगळ्यांसमोर लिहितोय, चिडू नका.

गेल्या जुलैत माझ्या चेलोतली, म्हणजे त्या थोरल्या व्हायोलिनच्या पोटातली, साउंडपोस्ट, पुढची-मागची पाटी जोडणारी काडी, पडली तेव्हा मला वाटलं वाद्यच गेलं. तुम्ही तारा सैल केल्या, एफ-होलमधून, त्या एफच्या आकाराच्या भोकातून, तो वाकडा आकडा आत घातला, मोबाईलचा टॉर्च मी धरलेला, आणि ती बोटाएवढी काडी चौथ्या खेपेला एकदाची उभी राहिली. पैसे विचारले तर म्हणालात, "उद्या ये मॅन, बो घेऊन." बो म्हणजे गज.

मग चार महिने बाख या जुन्या जर्मन संगीतकाराचं एकच पान. तुमचंच फिंगरिंग, म्हणजे कुठल्या सुराला कुठलं बोट ते, गजही तुमच्यासारखाच ओढायचा, जरा इकडे तिकडे झालं की "परत". घरी मी किती वैतागायचो ते बायकोला विचारा. शेवटी एकदा चहा पिताना तुम्ही चेलोवादक बर्नार्ड ग्रीनहाउसचं सांगितलंत, की 1946 मध्ये तो अमेरिकेतून फ्रान्सच्या प्राद गावी थोर चेलोवादक पाब्लो कासाल्सकडे शिकायला गेला, कासाल्स तेव्हा हुकूमशहा फ्रँकोमुळे स्पेन सोडून तिथे राहत होते, आणि त्यांनी त्याच्याकडून बाखचा डी मायनर सूट, एकट्या चेलोसाठीची ती नाचाच्या तुकड्यांची माळ, हुबेहूब आपल्यासारखा वाजेपर्यंत घोटून घेतला, दोन चेलो एक वाजायला लागले आणि मग कासाल्सनी तोच सूट पुन्हा वाजवला तर फिंगरिंग, बो, सगळंच वेगळं! आपल्याकडच्या तालमीत तरी दुसरं काय असतं म्हणा. पण खरं सांगू, तेव्हा वाटलं तुम्ही माझी समजूत काढताय.

ट्रिओत, पियानो-व्हायोलिन-चेलोच्या तिकडीत, घुसवलंत तेही तुम्हीच. हायडन या संगीतकाराच्या ट्रिओंत चेलोला काय, पियानोच्या डाव्या हाताच्या मागे मागे फिरायचं, मी कुरकुर केली. तुम्ही म्हणालात, ग्रीनहाउस 1955 पासून 1987 पर्यंत बो आर्ट्स ट्रिओ नावाच्या नामवंत तिकडीत होता, हातात 1707 चा स्ट्रॅडिव्हेरियस, त्या जुन्या इटालियन कारागिराचा चेलो, आणि हायडनचे सगळे ट्रिओ रेकॉर्ड केले त्याने, तुला काय झालं? आणि मला मधेच आठ बार, म्हणजे आठ आवर्तनांएवढं, गप्प बसवलंत. पियानोचा डावा हात एकदम उघडा पडला, नुसती टकटक, पियानोवाली मागे वळून बघायला लागली. मी चेलो परत सुरू केला तेव्हा तुम्ही हसत होतात, तो चेहरा अजून आठवतो.

आयुष्यभर स्टुडिओत मागच्या रांगेत वाजवलंत, मागचा सूर थांबला की पुढचा उघडा पडतो हे तुम्हाला आधीपासून माहीत असणारच की.

डिसेंबरात ठाण्यात एकांच्या हॉलमध्ये वाजवलं, वीसेक माणसं होती. तुमच्या गुडघ्यामुळे तुम्ही आला नाहीत. थँक्यू, अंकल. साउंडपोस्ट अजून जागेवर आहे पण ए सुराची तार जरा किंचाळतेय, रविवारी येऊ का?