पिल्लांखाली पेपर घालू नका

संपादक महोदय,

कोणीतरी खोक्यात घालून टाकून दिलेली बदकाची दोन पिल्लं आम्ही घरी आणली, अनुभव शून्य. पहिल्याच दिवशी हौसेने टबात पोहायला सोडली तर दहा मिनिटांत चिंब होऊन कुडकुडायला लागली, नंतर कळलं की आईविना वाढणाऱ्या पिल्लांची लव लगेच भिजते. प्यायचं पाणी मात्र नाकपुड्या बुडतील एवढं खोल हवंच, नाहीतर कोरडं खाणं घशात अडकतं. पहिल्या आठवड्यात बल्बखाली साधारण ३२ अंश ऊब, मग दर आठवड्याला ३ अंश कमी. पाव अजिबात नाही, कोंबडीच्या पिल्लांचं खाद्य चालतं पण त्यात नायसिन हे ब गटातलं जीवनसत्त्व कमी पडतं आणि पाय वाकडे होतात, म्हणून आम्ही वरून ब्रुअर्स यीस्ट (नायसिन असलेली यीस्टची पूड) भुरभुरतो.

आणि राग मानू नका, पण खाली तुमचाच पेपर अंथरला होता, त्याच्यावर पाय घसरून फाकायला लागले, आता जुना टॉवेल टाकलाय. घाण इतकी करतात की विचारू नका! मोठी झाली की तळ्यात सोडा म्हणे, अहो पण बहुतेक पाळीव बदकांना नीट उडताही येत नाही, कुत्र्यांपुढे टाकल्यासारखंच ते.

एक वाचक